दहापैकी सात

साहेब जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क देत. सकाळचा चहा आला की पहिला घोट घेऊन म्हणत, "चार." पोहे आले की, "साडेपाच. तर्री पातळ आहे." लेथवरून उतरलेल्या कामाला, मालकांच्या भाषणाला, स्वतःच्या जावयाला, कुणाच्या लग्नातल्या वांग्याच्या भाजीला, सगळ्यांना मार्क. नागपूरच्या मे महिन्याला त्यांनी एकदा सहा दिले होते आणि कारणही सांगितलं होतं, "आपलं काम इमानदारीनं करते." पण साताच्या पुढे ते कधीच गेले नाहीत. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कामगार त्यांना पाठीमागे 'सातवाले' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

सातच का, असं मी एकदा विचारलं होतं. "आठ माह्या मायले," ते म्हणाले. "दहा एकाच माणसाले." आणि केबिनच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे त्यांनी हनुवटी उडवली. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. रोज सकाळी टेबलाआधी ती तसबीर पुसली जायची. "मंग बाकीच्या दुनियेले काय देऊ गा? सात लय झाले." नऊ कुणाचे, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

आमचा कारखाना भात भरडायच्या गिरण्यांची यंत्रं बनवायचा. साहेब तिथले वर्क्स मॅनेजर. कुही तालुक्यातल्या एका खेड्यातून ते आयटीआय करायला नागपुरात आले, फिटर म्हणून लागले, नोकरी करता करता डिप्लोमा केला आणि मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोचले. यंत्र तयार झालं की आमच्यासारखे इंजिनियर मीटर घेऊन धावत. साहेब फक्त मूठभर तांदूळ मागत. तळहातावर पसरवून एकेका बोटाने कणी बाजूला करत जात, आणि तुटलेले दाणे किती यावरून आतला कोणता रोलर किती घासतोय ते सांगत. आम्ही मीटर लावून तासाभराने त्याच उत्तराला पोचायचो. मला त्याचा सुरुवातीला फार राग यायचा, कारण मी डिग्रीवाला होतो आणि ते मला सारखं आठवायचं.

माझ्या पहिल्या ड्रॉइंगला त्यांनी तीन दिले. दोन वर्षांनी एका चाळणीच्या डिझाइनला सहा मिळाले, तेव्हा मी बसमध्ये उभ्या उभ्या एकटाच हसत घरी आलो. आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढा शिकून सहाच?" तिला समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. साहेबांचे सहा काय असतात हे कारखान्याच्या फाटकाबाहेर कुणालाच कळत नव्हतं, हे मी त्याच दिवशी ध्यानात घ्यायला हवं होतं.

परदेशी जाऊन एमबीए करायचं वेड माझ्या डोक्यात आलं ते साहेबांमुळेच. झालं असं की मोठ्या मालकांचा पुतण्या बाहेरून एमबीए करून परत आला आणि आठवड्याभरात साहेबांच्या वर जाऊन बसला. आम्ही त्यांना छोटे मालक म्हणायचो. साहेबांचा अपमान झाला म्हणून आम्ही सगळे फुरफुरत होतो. साहेब मात्र शांत. "बोलते चांगला. पाच." मग एक हंगाम छोटे मालक कुही, उमरेड, भंडाऱ्याकडच्या गिरण्यांत नुसते फिरले. यंत्राकडे ढुंकूनही न बघता गिरणीवाल्याशी गप्पा मारत बसायचे. परत आले आणि त्यांनी एक गाडी सुट्या भागांनी भरून ऐन हंगामात त्या भागात फिरती ठेवली. रबराचा रोलर झिजला की गिरणी तीन-तीन दिवस बंद राहायची. आता दुपारपर्यंत चालू व्हायला लागली. पुढच्या वर्षी यंत्र घ्यायला माणसं आपणहून फाटकाशी आली.

त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पंचवीस वर्षं मी त्या गिरण्यांत जाऊन राहिलो," ते म्हणाले. "मशीन काहून बंद पडते हे पाह्यलं. बंद पडल्यावर गिरणीवाला काय करते, हे नाही पाह्यलं गा. हे जिथं शिकवतात, तिथं तू जा. येथी राहिला तर माह्या वयाचा होईस्तोवर कणीच निवडशील." छोट्या मालकांचे पाच त्या दिवशी साडेसहा झाले.

मी लगेच तयारीला लागलो. परीक्षा दिली, ती बऱ्यापैकी गेली. मग निबंध आले. परदेशातल्या त्या विद्यापीठांना तुम्ही कोण, काय केलं, पुढे काय करणार, नेतृत्व कुठे दाखवलं, कुठे आपटलात, असं सगळं लिहून हवं असतं. माझे निबंध साहेबांनी लाल पेनाने तपासले. मी लिहिलं होतं की मी बारा जणांच्या टीमचं नेतृत्व केलं. साहेबांनी त्या बाराभोवती गोल काढला. "बारा कुठून आले? तिघं होते. त्यातला एक सुट्टीवर होता." मी म्हटलं, "साहेब, तिकडे थोडं फुगवून लिहावं लागते." ते म्हणाले, "फुगवलेलं पोतं उचललं की समजते गा." तिघंच राहिले. अपयशाच्या प्रश्नावर मात्र ते खुश झाले. "ह्याच्यासाठी तुह्याजवळ मालच माल आहे," म्हणाले, आणि मला आठवत नसलेल्या माझ्या तीन चुका त्यांनी तारखेसह सांगितल्या.

निबंधांबरोबर एका वरिष्ठाची शिफारस लागते. ती उमेदवाराला दिसत नाही. थेट त्या माणसाला ईमेलवर लिंक जाते. मी साहेबांचं नाव दिलं. दुसरं कुणाचं देणार? मला ओळखणारा दुसरा माणूस कारखान्यात नव्हता. साहेबांनी मुलीकडून लॅपटॉप आणि डिक्शनरी मागून घेतली आणि तीन रविवार ते त्या कामाला बसले. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, मला पुढे सांगत होत्या, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. घरात टीव्ही लावू द्यायचे नाहीत.

तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी ते संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले. केबिनचं दार लावून घेतलं. "चारही कॉलेजचं एकदमच पाठवलं," ते म्हणाले. "दहा रकाने होते. प्रत्येकाले दहापैकी मार्क द्या म्हणे. मी म्हणलं, वा, हे तर आपलंच काम आहे." मग ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नऊ रकान्यांत सात देल्ले. मेहनतीच्या रकान्यात आठ. कोणाले सांगू नको."

आठ. त्यांच्या आईचे.

बर्फी माझ्या हातातच राहिली. त्या फॉर्मवर नऊ म्हणजे बरा, आठ म्हणजे शंका आणि सात म्हणजे याला घेऊ नका, हे मी वाचून वाचून पाठ केलेलं होतं. पण साहेब तिथेही आपल्याच मापाने मार्क देतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुणा जिवंत माणसाला एवढे मार्क देत होता, आणि त्याने माझं नाव चारही ठिकाणांहून खोडून टाकलं होतं. फॉर्म परत मागवता येत नव्हते. कमकुवत बाजू काय लिहिली, हेही त्यांनी उत्साहाने सांगितलं. "लेहलं, चूक दाखवली की चिडते. पण दुपारपर्यंत ठीक होते." मी वाकून त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार होतो? त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि दोघांची कारणं वेगळी होती.

चारही ठिकाणांहून नकार आला. मुलाखतीलाही कुणी बोलावलं नाही. सीताबर्डीवर परदेशी प्रवेशाचं काम बघणारा एक कन्सल्टंट बसायचा, त्याला कागद दाखवायला गेलो. त्याने सगळं चाळलं, मी शिफारशीचं सांगितल्यावर खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "साहेब काय दुश्मन होता काय तुमचा?" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण तो म्हणत होता ते बरोबर होतं.

नकाराचं ऐकून साहेबांनी त्या विद्यापीठांना दोन-दोन मार्क दिले. "पारख नाही त्याहीले," म्हणाले. मी कारण सांगितलं नाही. कसं सांगू? तीन रविवार, इस्त्रीचा शर्ट, आणि मी म्हणू की साहेब, तुमच्यामुळेच बुडालो? मी स्वतःला समजावलं की न सांगणं हाच चांगुलपणा आहे. आता वाटतं, त्यात आळस आणि भित्रेपणाही भरपूर होता.

पुढच्या वर्षी मी छोट्या मालकांकडे गेलो. ते फोनवर बोलत होते. खुणेनेच काय हवं ते विचारलं आणि फोन हाताने झाकून म्हणाले, "तूच लिहून आण ना यार, मी पाठवून देतो." मी स्वतःच स्वतःची स्तुती लिहिली. तिघांचे पुन्हा बारा झाले. सगळ्या रकान्यांत दहा. छोट्या मालकांनी ते न वाचता पाठवलं, सगळं मिळून दहा मिनिटं. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला.

मधल्या काळात साहेब रोज विचारत होते, "काहून गा, या वर्षी लिंक नाही आली मले?" एक दिवस मी बोलून गेलो, "साहेब, मागच्या वर्षीचंच पत्र चालते. त्यांच्याकडे असते ठेवलेलं." ते निर्धास्त झाले. आणि प्रवेशाची बातमी आली तेव्हा त्यांनी कारखान्यात जो भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "पाह्यलं का? सात-आठवर गेला पोट्टा. खोटं लेहा नाही लागत." निरोपाच्या दिवशीही सगळ्यांसमोर त्यांनी तेच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हार घालून उभा होतो आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

परदेशातल्या त्या एमबीएने मला काय दिलं, हे लोक मला अजून विचारतात. खरं सांगायचं तर पुष्कळ दिलं. इंग्लंडमध्ये वर्षभर वीस देशांच्या माणसांबरोबर बसलो. हिशेबापेक्षा प्रश्न कसा विचारायचा ते शिकलो. आज धान्याची यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत पाच देशांचं विक्रीनंतरच्या सेवेचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी मी बोलायला लागलो की लोक घड्याळ बघत, आता वाक्य संपेपर्यंत थांबतात. नागपुरात राहून हे झालं नसतं. साहेब बरोबरच बोलले होते. त्यांनी दाखवलेल्या रस्त्यानेच मी पोचलो, फक्त फाटकातून आत शिरलो ते खोटं बोलून.

मी गेल्यावर तीन वर्षांनी प्रणालीने मेसेज केला. ती आमच्याच कारखान्यात क्वालिटी विभागात होती, माझ्यानंतर आलेली. साहेबांसारखी तळहातावर तांदूळ पसरून कणी निवडणारी ती एकटीच. तिच्या वडिलांचा पूर्वी हातमाग होता, आता ते एका दुकानात कापड मोजून देतात. परदेशी एमबीएसाठी घरी तिने कसंबसं सगळ्यांना राजी केलं होतं, पण अट होती: एकच वर्ष. जमलं तर जा, नाही तर स्थळ बघायचं. तिने लिहिलं होतं, 'दादा, साहेबच शिफारस लिहून देऊन राहिले. तुमचंबी त्यांच्याच पत्रावर झालं ना? आता टेन्शन नाही.'

मी उत्तर लिहायला घेतलं. खरं सगळं लिहिलं. वाचलं आणि पुसलं. तिला सांगितलं तर ती साहेबांना सांगणार, साहेब मला विचारणार. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी मी मनाची समजूत घातली की तिचे परीक्षेचे मार्क माझ्यापेक्षा चांगले आहेत, एखादं कॉलेज तरी घेईल. आणि पाठवलं, 'छान! शुभेच्छा.' पुढे अंगठ्याचं चित्रही टाकलं.

मार्चमध्ये तिचा मेसेज आला. 'चारही ठिकाणी नाही.' त्यानंतर काही नाही. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. दिवाळीच्या आधी तिचं लग्न झालं. आता ती वर्धेला असते. नोकरी करत नाही असं ऐकलं. मग मी फोन करणंही सोडून दिलं.

साहेब गेल्या उन्हाळ्यात गेले. सकाळी फिरून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. मला फोनवर कळलं, मी पोचू शकलो नाही. सगळे म्हणतात, चांगलं मरण आलं. असेल. पण त्यांचं नाव निघालं की मला त्याच्या आधीच्या डिसेंबरातली आमची भेटच आठवते.

ते रिटायर झाले होते. मी सुट्टीवर आलो होतो आणि दुपारी त्यांच्या उत्तर नागपुरातल्या घरी गेलो. ते अंगणात उन्हात शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसले होते. "ये गा," म्हणाले. वाळले होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, माझ्या कामाचं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग स्क्रू काढता काढता, मान वर न करता ते म्हणाले, "प्रणालीसंग मी बर्डीवर गेलो होतो. त्या कन्सल्टंटकडे."

मी स्क्रूंची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"भांडाले गेलो होतो. त्याले म्हणलं, माह्याच पत्रावर आमचा पोट्टा इंग्लंडले गेला, मंग हिचं काहून नाही झालं? त्यानं विचारलं, मार्क किती देल्ले. मी सांगतलं. तो हसला. मले वाटलं, पागल आहे. मंग छोट्या मालकाले विचारलं. तो म्हणे, त्याचं पत्र तर मी पाठवलं होतं." त्यांनी स्क्रू वाटीत टाकला. "खरं आहे?"

"हो साहेब."

"त्यानं लेहलं?"

"मीच लिहिलं होतं. त्यांनी पाठवलं फक्त."

"अस्सं." ते पुढचा स्क्रू काढायला लागले. तो फिरत नव्हता. "मले वाईट वाटन म्हणून नाही सांगतलं तू?"

"हो."

"हाव, वाटलं असतं," ते म्हणाले. आता त्यांनी मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. "दोन दिवस जेवलो नसतो. मंग तुह्याजवळ येऊन बसलो असतो आणि म्हणलो असतो, दाखव गा, कसं भरा लागते हे. इंग्रजी मी चाळिशीत शिकलो. कम्प्युटर पन्नाशीत शिकलो, तुमच्यासारख्या पोट्ट्यांकडूनच शिकलो. तुले काहून वाटलं, हे एवढंच मले शिकता येणार नाही?"

आतून काकू चहा घेऊन आल्या. माझं काय चाललंय, मुलं काय करतात, थंडी तिकडे किती असते, असं विचारत राहिल्या. मी उत्तरं देत गेलो. साहेबांनी कप हातात घेतला होता, पण पीत नव्हते. काकू आत गेल्यावर ते अंगणाच्या फाटकाकडे बघत म्हणाले,

"मी शिकलो असतो. ती पोट्टी गेली असती."